हेडरचा हिशेब

इंग्लंडमध्ये एखादा मृत्यू अनैसर्गिक वाटला, तर कॉरोनर नावाचा अधिकारी त्याची चौकशी करतो. नोव्हेंबर २००२ मध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी अशी एक चौकशी झाली. मृत व्यक्ती होती जेफ ॲस्टल, वय ५९, इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू. सगळे पुरावे पाहून कॉरोनरने मृत्यूचे कारण नोंदवले, ते होते व्यवसायजन्य आजार. हा शेरा तिथे नवा नव्हता. कोळशाची धूळ फुफ्फुसात साचून गेलेल्या खाणकामगारांच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत राबलेल्यांच्या कागदांवर तो नेहमी असे. ब्रिटनमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कागदावर तो पहिल्यांदाच आला. हेडर मारणे हा ॲस्टल यांच्या नोकरीचा भाग होता आणि त्याच कामाने त्यांचा मेंदू निकामी केला, असा त्याचा सरळ अर्थ.

ॲस्टल यांचा जन्म १३ मे १९४२ रोजी नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्टवूडचा. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांचेही हेच गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. व्यवसायजन्य आजार म्हणजे काय, हे त्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नसे. अशा गावातल्या मुलांसाठी खाणीत न उतरता पोट भरण्याच्या ज्या थोड्या वाटा होत्या, त्यांतली एक फुटबॉलची. ॲस्टल सतराव्या वर्षी नॉट्स कौंटी या जवळच्या क्लबचे व्यावसायिक खेळाडू झाले. इंग्लंडचे एकेकाळचे गाजलेले सेंटर फॉरवर्ड टॉमी लॉटन यांच्याकडून त्यांना तिथे हेडरचे धडे मिळाले. शिकवणारा उत्तम होता आणि शिकणाराही. उडी कधी घ्यायची, मान कशी ताठ ठेवायची, चेंडू कपाळाच्या कोणत्या भागावर घ्यायचा, हे तंत्र ॲस्टल यांच्या अंगात इतके मुरले की पुढे ती त्यांची ओळखच झाली.

१९६४ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबने त्यांना २५ हजार पौंडांना घेतले. पुढची दहा वर्षे ते तिथेच होते. ३६१ सामन्यांत १७४ गोल, हा त्यांचा त्या क्लबसाठीचा हिशेब. १९६८ च्या एफए चषकात त्यांनी प्रत्येक फेरीत गोल केला आणि वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोलही त्यांचाच होता. १९६९-७० च्या हंगामात २५ गोल करून ते इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत सर्वांत पुढे होते. अल्बियनचे चाहते त्यांना राजा म्हणू लागले.

वेम्बलीवरचा तो गोल मात्र डाव्या पायाचा. त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत बदनाम चूकही डाव्या पायाचीच. १९७० च्या विश्वचषकात ग्वादालाहाराला ब्राझीलविरुद्ध इंग्लंड एका गोलने मागे होते. बदली खेळाडू म्हणून ॲस्टल मैदानात उतरले आणि थोड्याच वेळात ब्राझीलच्या बचावपटूच्या चुकीने चेंडू त्यांच्या पायाशी आला. समोर फक्त गोलरक्षक. चेंडू खांबाबाहेरून गेला, इंग्लंड हरले आणि ती संधी हुकल्याची आठवण लोकांनी त्यांना जन्मभर करून दिली. इंग्लंडसाठी ते पाचच सामने खेळले, गोल एकही नाही. ज्याच्या जोरावर ते तिथवर पोचले, ते डोक्याचे काम मात्र कुणी मोजून ठेवले नाही. गोल मोजले गेले, हेडर नाही.

ते मोजायचे म्हटले तर किती भरतील? एखादा सेंटर फॉरवर्ड सरावात रोज वीस हेडर मारतो, आठवड्याला पाच दिवस आणि वर्षाला चाळीस आठवडे, असे समजा. वर्षाचे चार हजार झाले. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत साठ हजार. यात सामने धरलेले नाहीत आणि शाळेतली वर्षेही नाहीत. त्या काळी क्लबांमध्ये चेंडू दोरीला टांगून त्यावर हेडरचा सराव चाले, त्यामुळे वीस हा आकडा कमीच म्हणावा लागेल.

चेंडू चामड्याचा असे. पावसाळी दुपारी, चिखलाच्या मैदानावर तो पाणी पिऊन जड होई. तो डोक्यावर घेणे म्हणजे विटांनी भरलेली पिशवी डोक्यावर घेण्यासारखे, असे ॲस्टल घरी सांगत. तक्रार म्हणून नव्हे. कामाचे वर्णन म्हणूनच, बहुधा.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. खरवसाच्या वडीइतका मऊ असा तो अवयव पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा धक्का बसला, विशेषतः मान गर्रकन वळली, की कवटी आधी हलते आणि मेंदू मागून. मेंदूचा पृष्ठभाग आणि आतला भाग एकाच वेगाने वळत नाहीत. या ओढाताणीत चेतापेशींचे लांब, बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींचे रासायनिक कामकाज काही काळ विस्कटते. यालाच कन्कशन म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपावी लागत नाही. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध कायम असते. सीटी स्कॅनमध्ये सहसा काही दिसत नाही, कारण स्कॅन रक्तस्राव आणि तडा दाखवतो, ताणलेले तंतू नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, प्रकाश सहन न होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चिडचिड, झोपेची घडी विस्कटणे ही त्याची लक्षणे. काही वेळा ती काही तासांनी उमटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. स्मिथ बाहेर गेला, परत येऊन खेळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला त्रास जाणवू लागला. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू.

ॲस्टल यांच्या बाबतीत पेच असा की साध्या हेडरने यातले काहीच होत नाही. डोके दुखत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. खेळाडू उतरतो, धावतो, पुढचा चेंडू घेतो. लक्षण दाखवण्याइतका मोठा नसलेला हा हादरा शरीर विसरते, मेंदूतले तंतू विसरतातच असे नाही.

मुष्टियुद्धात ही गोष्ट फार आधी लक्षात आली होती. अमेरिकेत न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच, वारंवार ठोसे खाल्लेल्या बॉक्सरांच्या झिंगल्यासारख्या चालीवर आणि बोलण्यावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये ब्रिटनमधले कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा मृत बॉक्सरांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. म्हणजे ॲस्टल ऐन भरात असताना ठोशांनी मेंदूचे काय होते, हे वैद्यकाला ठाऊक होते. फक्त फुटबॉलशी त्याचा संबंध आहे, असे कुणाला वाटले नव्हते. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर मारणे हा हेतू असतो. फुटबॉल हा तर सभ्य खेळ. ही समजूत पुढे बरीच महागात पडली.

१९७४ मध्ये ॲस्टल अल्बियनमधून बाहेर पडले. थोडे दक्षिण आफ्रिकेत खेळले, मग इंग्लंडमधल्या लहान क्लबांकडून. फुटबॉलमध्ये आजच्यासारखा पैसा नव्हता, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय काढला. त्यांच्या गाडीवर आपण कोपरे कधीच चुकवत नाही अशा अर्थाची ओळ रंगवलेली असे. ब्राझीलविरुद्ध हुकलेल्या त्या संधीवर केलेला हा विनोद, स्वतःच्याच अंगावर ओढून घेतलेला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला बीबीसीच्या एका विनोदी फुटबॉल कार्यक्रमात ते शेवटी गाणे म्हणायला येत. गळा बेताचाच, पण प्रेक्षकांना ते फार आवडत. एक पिढी त्यांना खेळाडू म्हणून नव्हे, तर हा गाणारा दिलखुलास माणूस म्हणूनच ओळखते.

त्यानंतर लवकरच घरच्यांना काहीतरी बिनसल्याचे जाणवू लागले. पत्नी लॉरेन आणि तीन मुली यांच्यासमोर पंचावन्नच्या आसपासचा हा धडधाकट माणूस विसरू लागला. आधी नावे, मग माणसे. डिमेन्शियाचे निदान झाले. पंचावन्न हे त्याचे वय नव्हे, पण कमी वयात होणारा अल्झायमर हा प्रकार डॉक्टरांना माहीत होता आणि बोट तिकडेच गेले. पुढे बोलणे आटत गेले. शेवटी शेवटी आपण फुटबॉलपटू होतो, हेही त्यांना आठवत नव्हते. १९६८ चा चषक, राजा ही पदवी, ग्वादालाहाराची चूक, सगळे सारखेच पुसले गेले. १९ जानेवारी २००२ रोजी मुलीच्या घरी खाताना घास अडकून त्यांचा मृत्यू झाला. डिमेन्शिया वाढला की गिळण्याच्या क्रियेवरचा ताबाही सुटतो, आणि अनेक रुग्णांचा शेवट असाच होतो.

चौकशीच्या वेळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की, या मेंदूवर बॉक्सरच्या मेंदूवर दिसावेत तसे आघाताचे परिणाम आहेत आणि त्याला हेडर हेच सर्वांत संभाव्य कारण दिसते. त्यावरूनच कॉरोनरचा तो शेरा आला.

योगायोग असा की याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू माइक वेबस्टर पिट्सबर्गमध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला. नायजेरियात जन्मलेले तरुण डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. नॅशनल फुटबॉल लीगच्या डॉक्टरांनी त्यावर तुटून पडून तो निबंध मागे घ्यायला सांगितले. पण भांडण झाल्यामुळे विषय तरी जिवंत राहिला. संशोधन वाढले, हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि लीगला भरपाई द्यावी लागली. इंग्लंडमध्ये भांडणच झाले नाही. फुटबॉल असोसिएशन आणि खेळाडूंची संघटना यांनी तरुण खेळाडूंच्या एका गटाची दहा वर्षे तपासणी करण्याचा अभ्यास हाती घेतला होता. त्यातले बहुतेक तरुण व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचलेच नाहीत, आणि अभ्यास गुपचूप विरून गेला. ॲस्टल कुटुंबाला कुणी काही कळवले नाही. अल्बियनच्या हॉथॉर्न्स मैदानावर २००३ मध्ये ॲस्टल यांच्या नावाचे प्रवेशद्वार उभे राहिले. त्यांच्या मेंदूत जे सापडले होते, त्याची दखल घ्यायला आणखी अकरा वर्षे गेली.

२०१४ मध्ये ग्लासगोतील चेताविकृतीतज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी कुटुंबाच्या संमतीने ॲस्टल यांचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला. निदान निघाले क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई. वेबस्टरच्या मेंदूत ओमालू यांना सापडलेला आजार हाच. चेतातंतूंच्या आतली वाहतूक ज्या बारीक नळ्यांवरून चालते, त्यांना टाऊ नावाचे प्रथिन आधार देते. वारंवार हादऱ्यांनंतर काहींच्या मेंदूत हे टाऊ सुटे होऊन गुठळ्या बनवते. सीटीईमध्ये या गुठळ्या मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतात. अल्झायमरमधली मांडणी वेगळी असते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञाला दोन्ही ओळखता येतात. जिवंत माणसात सीटीईचे पक्के निदान करता येईल अशी चाचणी अजून नाही. हेच या आजाराचे सर्वांत अवघड अंग. घरच्यांना नाव कळते तेव्हा माणूस उरलेला नसतो.

त्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने कुटुंबाची माफी मागितली. ॲस्टल यांची मुलगी डॉन हिने मोहीम हाती घेतली आणि २०१५ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढली. तिच्याकडे इतर माजी खेळाडूंच्या बायका-मुलांचे फोन येऊ लागले. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातले रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्ल्टन आणि बॉबी चार्ल्टन या पाच जणांना उतारवयात डिमेन्शियाने गाठले होते. पण नावांची यादी कितीही लांबली तरी तिने काही सिद्ध होत नाही. म्हातारपणी डिमेन्शिया अनेकांना होतो, फुटबॉल न खेळणाऱ्यांनाही.

सिद्ध व्हायला आकडे लागतात आणि ते ऑक्टोबर २०१९ मध्ये आले. स्टुअर्ट आणि त्यांच्या ग्लासगोच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू घेतले आणि त्यांच्याशी वय व परिस्थिती जुळणाऱ्या सुमारे २३ हजार सामान्य लोकांशी त्यांच्या मृत्यूच्या नोंदी ताडून पाहिल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साडेतीन पट निघाले, अल्झायमरचे पाचपट. हे वाचून घाबरण्याआधी मूळ टक्केवारी पाहावी. अशा आजारांनी मरण पावलेले खेळाडू १.७ टक्के होते, सामान्य लोक ०.५ टक्के. शिवाय हृदयविकार आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने खेळाडू कमी मेले, आणि सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्यूदरही कमी होता. खेळ शरीराला चांगलाच आहे. मेंदूचा हिशेब तेवढा वेगळा ठेवावा लागतो.

२०२१ मध्ये याच गटाने खेळाडूंच्या जागांनुसार आकडे मांडले. गोलरक्षक चेंडू हाताने पकडतो, हेडर क्वचित मारतो. त्याचा धोका सामान्य माणसाइतकाच आढळला. सर्वाधिक हेडर मारणाऱ्या बचावपटूंमध्ये तो सुमारे पाचपट होता. कारकीर्द जितकी लांब, तितका तो वाढत गेला. हेडरकडे बोट दाखवणारा याहून चांगला पुरावा माणसांवर प्रयोग न करता मिळणे कठीण आहे.

एक पळवाट या अभ्यासाने बंद केली. ते चामड्याचे जड चेंडू होते, आता चेंडू हलके झाले, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. वस्तुस्थिती अशी की कोरड्या चेंडूचे नियमातले वजन १९३७ पासून बदललेले नाही, १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम. आजचा चेंडू पाणी पीत नाही हे खरे, पण तो जास्त वेगाने येतो. ग्लासगोच्या आकड्यांत खेळाडू कोणत्या काळात खेळला यानुसार धोका कमी झालेला दिसला नाही.

मुलांचा प्रश्न यातूनच पुढे आला. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू कोवळे, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याने डोके अधिक झटका खाते. वाढत्या मेंदूला कन्कशनमधून सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला वेगाने सूज येऊन जीव जातो. हे मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंमध्ये नोंदले गेले आहे. म्हणून शंका आली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवायचे नाही, सामना अंतिम असला तरी. ब्रिटनने हौशी खेळांसाठी २०२३ मध्ये घालून दिलेल्या नियमांत पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने शाळा आणि सराव, आणि २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरायचे नाही, असे म्हटले आहे. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झटका आला, मूल पेंगू लागले किंवा हात-पाय लुळा वाटला, तर घरी थांबून वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. फुटबॉल असो, कबड्डी असो, की टेनिस चेंडू सोडून नुकतेच सीझन बॉलने खेळू लागलेल्या मुलाचे क्रिकेट, हे सगळीकडे सारखेच लागू पडते.

हेडरबाबत अमेरिकेने २०१५ मध्ये पाऊल उचलले. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद, अकरा ते तेरा वयाच्यांना सरावात मर्यादा. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयात हेडरचा सराव थांबवला. २०२१ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर मारण्याचा सल्ला आहे. दोरीला टांगलेल्या चेंडूखाली ॲस्टल यांची पिढी तेवढे काही मिनिटांत मारत असेल.

२०२४-२५ च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये बंदी लहान मुलांच्या सामन्यांतही आली. आधी सात ते नऊ वर्षांखालचे गट, पुढच्या वर्षी दहाखालचा, त्यापुढे अकराखालचा. ईस्टवूडच्या मैदानावर आठ वर्षांच्या मुलाने आज जाणूनबुजून डोक्याने चेंडू मारला, तर पंच शिट्टी वाजवतात आणि समोरच्या संघाला फ्री किक मिळते.